पहाटेच्या वह्या

गजानन,

तुला मणिकर्णिकेवर नेले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. तुझ्या धाकट्या भावाने खाली उतरून लोटी भरून आणली आणि तुझ्या तोंडात गंगाजल घातले. सगळे हात जोडून उभे होते. मीही उभा होतो. त्या क्षणी माझ्या मनात जे आले ते प्रार्थनेच्या जातीचे नव्हते. दहा वाजता वीज गेली होती. ती चारपर्यंत येणार नव्हती. म्हणजे वरच्या अंगाचे पंपघर दोन तासांपासून बंद होते आणि शहराच्या घाणीचा नाला सरळ नदीत पडत होता. भावाने लोटी कोणत्या पाण्याने भरली, हे त्या गर्दीत मला नेमके ठाऊक होते.

असे विचार कोणापाशी बोलता येत नाहीत. तुझ्यापाशी आले असते.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर लिहावे, असे चिटणिसांनी सांगितले. तुझा जन्म, पदव्या, महाविद्यालयातील वर्षे त्यांनी वेगळ्या चौकटीत छापली आहेत. ती मी पुन्हा लिहीत नाही. आपला एक वाद अर्धवट राहिला आहे. त्यातील माझ्या बाजूचा भाग मला नोंदवायचा आहे. तुझी बाजू तू मांडली होतीस. मी ऐकली नव्हती.

सरकारने गंगा स्वच्छ करण्याची योजना आणली तेव्हा मी खात्यात कार्यकारी अभियंता होतो आणि पंपघर माझ्या हाती आले. योजना समजायला सोपी होती. शहराची घाण घेऊन जो नाला आपल्या घाटाच्या वर नदीत पडत असे, तो तोंडाशी अडवायचा. पाणी एका खोल विहिरीत घ्यायचे, पंपाने वर उचलायचे आणि शहराबाहेरच्या शुद्धीकरण केंद्राकडे पाठवायचे. कागदावर तिच्यात एकही चूक नव्हती. पंप चालू असेपर्यंत प्रत्यक्षातही नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी तू माझ्या शेजारी उभा होतास. व्यासपीठावर मंत्री बोलत होते. तू माझ्या कानाशी म्हणालास, "दत्तू, हा पंप विजेवर चालतो ना?"

"मग काय बैल जुंपू?"

"नाही, सहज विचारलं. काल आपल्या गल्लीत दिवसभर बत्ती नव्हती."

मी तुला गप्प बसायला सांगितले. तू गप्प बसलास. तो तुझा स्वभाव नव्हता, म्हणून लक्षात राहिले.

त्यानंतर दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर आपण किती भांडलो याची मोजदाद नाही. तुझे म्हणणे असे की ज्या शहरात दिवा लागण्याची खात्री नाही, त्या शहराचे मैलापाणी विजेच्या भरवशावर ठेवू नये. ते उताराने वाहत न्यावे, नदीच्या खालच्या अंगाला शहराबाहेर तळी खोदावीत, आणि पुढचे काम ऊन आणि शेवाळ यांच्यावर सोपवावे. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, त्याला विजेसारखी कटौती नाही. माझे म्हणणे असे की तळ्यांना जमीन लागते, जमिनीला गावे असतात आणि गावांना उत्तरे द्यावी लागतात. यंत्राला एक चौथरा पुरतो.

"तुझी तळी म्हणजे डासांची धर्मशाळा," मी म्हणालो होतो.

"आणि तुझा पंप म्हणजे सरकारी बाबू," तू म्हणालास. "हजेरी पूर्ण, काम बत्ती आल्यावर."

एकदा दिल्लीच्या परिसंवादाहून तू 'शाश्वत विकास' हा शब्द घेऊन आलास. चार दिवस तो तुझ्या तोंडी होता. पाचव्या दिवशी चर्चेच्या मध्यात पंखा बंद पडला. तू वर पाहून म्हणालास, "शाश्वत दोनच गोष्टी, दत्तू. एक आत्मा, दुसरी ही कटौती."

आज हे आठवले की मला राग येतो. ज्या देशांत वीज जात नाही तिथला आराखडा उचलून इथे आणून मांडणाऱ्यांचा राग येतो. बांधायला एक खाते, चालवायला दुसरे, वीज पुरवायला तिसरे आणि जाब द्यायला कोणीच नाही, अशी रचना ज्यांनी केली त्यांचा येतो. या दशकात शहरात एसटीडीचे बूथ आले, आपल्या गल्लीत डोक्यावरून केबलच्या तारा गेल्या. वीज तेवढी जाण्याच्या बाबतीत वक्तशीर राहिली. त्या रचनेतल्या एका टेबलाशी मी बसलो होतो, म्हणून माझा मलाही राग येतो. आणि तुझाही येतो. तुझा का, ते आता लिहितो.

पंपघर सुरू झाले त्या आठवड्यापासून तू नदीचे पाणी तपासू लागलास. तसे तुला कोणी सांगितले नव्हते. रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि वैदिक घराण्यातला मुलगा, असे दोघे तुझ्या एकाच अंगात राहत होते, आणि पाण्याचा नमुना ते दोघे मिळून घेत. पहाटे, घाटावर लोकांची स्नाने सुरू होण्याआधी, उपाशीपोटी, सोवळ्यात. घाटाची तीच एक पायरी. बाटली वहिनींनी धुतलेली. इतर कोणी तिला हात लावायचा नाही. कारण विचारले तर तू दोन कारणे द्यायचास. पहिले, अन्न घेतल्यावर सोवळ्याचे पाणी भरायचे नाही, हे वडिलांनी लावलेले वळण. दुसरे, नमुना एकाच वेळी, एकाच जागी, एकाच हाताने घेतला तरच आजच्या आकड्याची कालच्या आकड्याशी तुलना होते. शास्त्र आणि सोवळे यांचे एकमत झाले की माणूस पुन्हा तपासायचे सोडतो. तू सोडलेस. ज्या माणसाने उद्घाटनाच्या दिवशी विजेबद्दल विचारले, त्या माणसाला इतक्या वर्षांत एकदाही दुपारी घाट उतरावासा वाटला नाही, हे मला अजून उमजत नाही.

आकडे बरे येत. योजनेपूर्वी तू स्वतःच कधीकाळी केलेल्या तपासणीपेक्षा पुष्कळ बरे. तू प्रामाणिक होतास, म्हणून ते मला दाखवायला यायचास. वही पुढे करून म्हणायचास, "बघ बाबा, तुझा पंप जिंकतोय बहुतेक." मी चहा सांगत असे.

पहाटे ते बरे येणारच होते. कटौतीचे वेळापत्रक माझ्या कचेरीतल्या टेबलावर काचेखाली असे. रात्रभर वीज; सकाळी दहाला जायची, चारला यायची; संध्याकाळी पुन्हा दोन तास जायची. रात्री पंप चालत. शहर झोपलेले असल्याने नाल्यात पाणीही कमी. पहाटे नदी दिवसभरातली सर्वांत स्वच्छ असे, आणि तू नेमका त्याच वेळी बाटली बुडवायचास. दहानंतर विहीर भरत जाई. ती भरली की नाल्याचा दरवाजा नदीकडे उघडावा, असा हुकूम होता. नाहीतर घाण गल्ल्यांत उलटी चढली असती. तो हुकूम माझ्या सहीचा होता.

मला हे ठाऊक होते, तुला नव्हते. तरी तुझ्या वह्यांच्या नकला मी मागून घेतल्या, टंकलिखित केल्या आणि खात्याच्या अहवालांना जोडल्या. त्यांवर 'एका स्वतंत्र शास्त्रज्ञाची निरीक्षणे' असा मथळा मीच दिला. अहवालात माझ्या सहीवर एक वाक्य असे : पंप विजेच्या उपलब्धतेनुसार नियमित चालू आहेत. त्या वाक्यात खोटे काही नाही. तसे वाक्य रचायला उभी नोकरी घालवावी लागते.

तुला सांगितले का नाही? प्रथम वाटले, तुला ठाऊक असेलच. मग वाटले, पंपघराला जनित्र मंजूर झाले की सांगण्यासारखे काही उरणार नाही. जनित्राची फाईल लखनौला गेली ती गेलीच. मग मी निवृत्त झालो. इतक्या उशिरा सांगायचे म्हणजे आधी न सांगितल्याचेही सांगावे लागले असते. याखेरीज आणखी एक कारण होते, ते लाजिरवाणे आहे. वादात मी जिंकत होतो.

इथे दुसरी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. माझी पत्नी गेली त्या वर्षी तू रोज सायंकाळी माझ्याकडे यायचास. सांत्वनाचा एक शब्द तू कधी काढला नाहीस. आल्या आल्या विचारायचास, "तुझ्या विहिरीची खोली किती रे?" मी सांगितले की म्हणायचास, "कमी आहे." मग आपण भांडत बसायचो. त्या भांडणांच्या आधाराने मी ते वर्ष काढले. हे तुला कधी म्हटले नाही. तसे म्हणायची आपल्यात रीत नव्हती. तुझे हे ऋण मी घेत होतो आणि त्याच खोलीत, त्याच वेळी, तुझ्यापासून ते वेळापत्रक लपवत होतो. दोन्ही खरे आहे.

यंदा चैत्रात राजा घाटाजवळच्या एका मराठी घरी तुला श्राद्धाचे बोलावणे होते. ऊन कडक, पोट भरलेले, म्हणून परत यायला तू होडी केलीस. होडी रामधनीची. रोज पहाटे घाटावर तुला रामराम करणारा तो मल्लाह. पुढचे मला त्यानेच सांगितले, तुझ्या तेराव्यानंतर. नाल्याच्या तोंडाशी होडी आली तेव्हा दरवाजा उघडा होता आणि नदीचे पाणी काळे होते. तू त्याला म्हणालास, "अरे, आज पंप बिगड़ गया क्या?"

रामधनी हसला. "बिगड़ी काहे, गुरुजी? बत्ती गइल, त नाला आइल. रोज आवेला."

"रोज?"

"हमार नाक त घड़ी हौ. दस बजे खुली, चार बजे बन्द. आप त भोरे आवत हईं, आपके का मालूम."

उतरताना तू त्याला एवढेच विचारलेस की हे त्याने आधी का सांगितले नाही. तो म्हणाला, "आप पुछलीं कब?"

तिथून तू थेट माझ्याकडे आलास. मी आरामखुर्चीत होतो. पंखा अर्थातच बंद होता. तू बसला नाहीस.

"दत्तू, दुपारी पंप बंद असतो?"

"असतो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"तुला ठाऊक होतं?"

"दरवाजा उघडायचा हुकूम माझ्या सहीचा आहे."

"मग माझे आकडे कसले?"

"पहाटेचे."

मग तू बसलास. मला वाटले, तू ओरडशील. ओरडला असतास तर बरे झाले असते. ओरडण्याला उत्तर देता येते. तू पाणी मागितलेस, प्यायलास, आणि म्हणालास, "दिल्लीची समिती येतेय. खालच्या नाल्यांवर असलीच पंपघरं बांधायची म्हणतायत. पुरावा म्हणून माझ्या वह्या लावणार आहेत. तू लिहून दे."

"काय लिहून देऊ?"

"हेच. दहा ते चार."

मी म्हणालो की निवृत्त माणसाने आपल्याच खात्याविरुद्ध लिहून देणे शोभत नाही. मग आणखी बोललो. ते शब्द जसेच्या तसे लिहितो. बदलून लिहिले तर ती आणखी एक लबाडी होईल. मी म्हणालो, "आणि तुझं काय होईल, ते बघ. लोक म्हणतील, पंडितजींना दिवसाला दुपार असते हे इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं."

"म्हणू देत," तू म्हणालास. "तू लिहून दे."

"नाही."

तू उठून गेलास. नंतर तू माझ्याकडे आला नाहीस आणि मी तुझ्याकडे आलो नाही. आपल्या दोन घरांच्या मध्ये सात दारे आहेत. गल्ली अशी की समोरून सांड आला तर माणसाने कोणाच्या तरी दारात शिरावे. त्या गल्लीत आपण दोनदा समोरासमोर आलो. दोन्ही वेळा तू ओट्यावर चढून मला वाट दिलीस. मी चार महिन्यांनी मोठा, म्हणून दिली असशील. मी दोन्ही वेळा सरळ पुढे गेलो. वैशाख संपता संपता तू गेलास.

मंडळाच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी मला बसवले. माझ्या जुन्या जागेवर आता श्रीवास्तव नावाचे अभियंते आहेत. ते हार घेऊन आले आणि बोलले चांगले. माणूस वाईट नाही. त्यांच्या टेबलावरही काचेखाली तेच वेळापत्रक असणार. शेवटी ते म्हणाले, "प्रोफेसर साहब की कॉपियाँ हमारी योजना का सबसे बड़ा प्रमाण हैं. हम उन्हें समिति के सामने रखेंगे. यही उनको सच्ची श्रद्धांजलि होगी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे कोणाला सुचले नाही. पहिल्या रांगेत सुमती वहिनी बसल्या होत्या. त्यांनी होकाराची मान हलवली. मग मी उठलो आणि तुझ्या शिस्तीवर चार वाक्ये बोललो. तेव्हाही मी एवढेच बोललो, हे इथे नोंदवून ठेवतो.

घरी आल्यावर मात्र स्वस्थ बसवेना. वह्या तशाच समितीपुढे गेल्या असत्या, तर पंपघरे तुझ्या नावाने मंजूर झाली असती. जन्मभर तू ज्याच्या विरुद्ध भांडलास, त्याचा तू साक्षीदार झाला असतास. बोललो असतो, तर तुझ्या साऱ्या पहाटा चारचौघांत फुकट ठरल्या असत्या, आणि ते वहिनींना ऐकावे लागले असते. तू जिवंत होतास तेव्हा निवड तुझी होती आणि ती तू दोन शब्दांत केली होतीस. आता ती माझ्याकडे आली, माझ्याच नकारामुळे.

चार दिवसांनी मी वहिनींकडे गेलो. वह्या चौरंगावर रचल्या होत्या, वर एक फूल ठेवले होते. त्या तांदूळ निवडत होत्या. मी थोडक्यात सांगितले. त्यांचा हात थांबला नाही.

"हे मला ठाऊक आहे, भाऊजी."

"गजाननने सांगितलं?"

"त्याच दिवशी. म्हणाले, उद्यापासून बाटली धुवू नकोस."

"मग सभेत तुम्ही मान का हलवलीत?"

आता हात थांबला. "का म्हणजे? सगळी सभा त्यांना चांगलं म्हणत होती. मी उठून सांगू, की माझा नवरा चुकला? समोर अध्यक्ष म्हणून तुम्ही बसला होतात. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, आता हे बोलतील. तुम्ही शिस्तीवर बोललात."

मी चौरंगावरच्या वह्यांकडे पाहिले.

"इतकी वर्षं मीही त्यांच्याबरोबर पहाटे उठले," त्या म्हणाल्या. "बाटली माझ्या हातची. चुकलं असेल तर माझंही चुकलं. पण आम्ही न कळता चुकलो. तुम्हाला कळत होतं."

"हो."

"मग न्या वह्या. द्या समितीला. पण लिहाल तेव्हा तुमचं आधी लिहा, त्यांचं मागून."

मी वह्या उचलल्या. दारापाशी पोचलो तेव्हा मागून म्हणाल्या, "आणि नीट साफ हिंदीत लिहा. तुमची ती ऑफिसची भाषा नको." चहा विचारला नाही. त्या घरातून मी चहा न घेता प्रथमच परतलो.

समितीची बैठक सर्किट हाउसमध्ये होती, सकाळी साडेनऊला. माझे निवेदन तीन पानांचे. पहिली दोन पाने माझी : वेळापत्रक, दरवाजाचा हुकूम आणि ते वाक्य. तिसऱ्या पानावर तू : आकडे खरे आहेत, ते पहाटेचे आहेत, त्यांवरून दिवसाचा निष्कर्ष काढू नये. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळे वाचले आणि चष्मा काढला.

"उस समय इंचार्ज आप ही थे?"

"जी."

"तब आपने क्यों नहीं लिखा?"

"लिखा था. विद्युत की उपलब्धता के अनुसार."

कोणीतरी हसले. मी विनोद केला नव्हता.

तेवढ्यात दहा वाजले आणि वीज गेली. पंखे थांबले. मग मागच्या अंगणात जनित्र धडधडले, पंखे फिरू लागले, आणि अध्यक्ष म्हणाले, "हाँ, तो आगे?" मी थांबलो. वाटले, आता कोणीतरी बोलेल. सभागृहाला जनित्र होते, पंपघराला नव्हते. याहून स्पष्ट पुरावा मला आणता आला नसता. कागद उडू नयेत म्हणून एका सदस्याने त्यांवर पेला ठेवला. शेवटी मीच म्हणालो, "श्रीमान, थोड़ी देर में नाला गंगाजी में गिरने लगेगा." त्यांनी मान डोलावली. लघुलेखकाने ते लिहून घेतले की नाही, मला दिसले नाही.

निवेदनाच्या अखेरीस मी तुझ्या तळ्यांबद्दल एक परिच्छेद घातला होता. एका सदस्याने विचारले, डासांचे काय? गजानन, तुझ्याकडे त्याचे उत्तर होते. पाण्याच्या खोलीबद्दल काहीतरी, काठांवरच्या गवताबद्दल काहीतरी. तू ते मला कितीदा दिले होतेस. त्या वेळी मी ऐकत नव्हतो. माझे पुढचे वाक्य जुळवत होतो. समितीपुढे मी उभा राहिलो आणि मला ते आठवेना. अध्यक्ष म्हणाले, "ख़ैर, यह तो दूसरा विषय है." पान उलटले गेले. त्या दिवशी जे जे झाले त्यात हे मला सर्वांत लागले.

ठरले ते असे. दुपारचे आकडे कुठे आहेत? नाहीत. मग हे नुसते निवेदन आहे, प्रमाण नाही. आकडे घेऊन या. पुढची बैठक थंडीत. तोपर्यंत नव्या पंपघरांचा निर्णय स्थगित. बाहेर पडताना श्रीवास्तव माझ्याजवळ आले. मला वाटले, रागावतील. ते हळू आवाजात म्हणाले, "सर, जनरेटर वाली फ़ाइल का नंबर आपको याद है?" मी सांगितला. तो मला पाठ आहे.

आज दुपारी एक वाजता मी प्रथमच बाटली घेऊन घाट उतरलो. जेवून उतरलो, माझ्या गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत. पायऱ्या तापलेल्या होत्या. रामधनी होडीच्या सावलीतून ओरडला, "का बाबूजी, ई दुपहरिया में? दिमाग ठीक हौ न?" बाटली कशी भरायची हेच मला येत नव्हते. दोनदा भरली, दोन्ही वेळा आत हवेचा मोठा बुडबुडा राहिला. तेव्हा मागून छत्रीची सावली पडली. वहिनी उतरून आल्या होत्या.

"तिरकी धरा. घाई करू नका. बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो." मग त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः भरली. पिशवीतून तुझ्या तपासणीच्या दोन औषधांच्या शिश्या काढून थेंब घातले, बूच लावले, बाटली उलटसुलट केली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, घाणीने तो संपवला असेल तर पांढरा, हे मला त्यांनीच सांगितले. तपकिरीच्या फिक्या-गडद छटा त्यांनी खूप पाहिल्या होत्या. पांढरा कधी पाहिला नव्हता.

आम्ही पायरीवर बसून वाट पाहिली. साका पांढरा बसला.

"औषध जुनं झालं असेल," त्या म्हणाल्या.

"असेल."

"पुन्हा काढू."

पुन्हा काढला. पांढराच. त्यांनी बाटली उन्हासमोर धरली, बराच वेळ धरली, आणि मग माझ्याकडे दिली. मी नव्या वहीत वेळ लिहिली, पंप बंद असल्याचे लिहिले, खाली सही केली. त्यांनी पुढे होऊन सही वाचली.

वर येताना त्या मधल्या पायरीवर दम घ्यायला थांबल्या. विचारले, "उद्या किती वाजता?"

"एकलाच."

"नको," त्या म्हणाल्या. "उद्या अकरा करा. परवा पाच. एकच वेळ धरून बसलात तर तुम्हीही त्यांच्यासारखेच फसाल."

गजानन, मी वाद घातला नाही. उद्या अकराला उतरायचे आहे.